फुकट पाहिल्याचे ऋण

इंदूरच्या मराठी माणसास फुकटाचा संकोच वाटतो, असे म्हटले तर ते पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही. व्याख्यानास तिकीट लावले तर अर्धे सभागृह रिकामे राहील, हे आपल्या सभेच्या प्रत्येक कार्यकारिणीस ठाऊक आहे. परंतु हाच माणूस शेजारून वाटीभर आमटी आली तर ती वाटी रिकामी परत पाठवीत नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालील. आमच्या आईने हा नियम आयुष्यभर पाळला. तो मोडताना आम्ही तिला एकदाही पाहिले नाही. त्या वाटीची आठवण ज्या प्रसंगाने झाली, त्याविषयी लिहावयाचे आहे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या आमच्या नऊ वर्षांच्या नातीस घेऊन आम्ही सनावदिया गावी गेलो. इंदूरच्या वेशीबाहेर, एका उंचवट्यावर, जिमी मॅकगिलिगन यांच्या नावाचे शाश्वत विकासाचे केंद्र आहे. पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन, ज्यांना सारे शहर जनकदीदी म्हणून ओळखते, त्या तेथे राहतात आणि येणाऱ्यास सर्व दाखवितात. तिकीट नाही. विद्यार्थी येतात, परदेशी अभ्यासक येतात, आमच्यासारखे रिकामटेकडे सेवानिवृत्तही येतात. तेथे पेटीच्या आकाराच्या सौरचुली आहेत, छत्रीसारख्या अन्वस्त चुली आहेत, भाज्या-फळे वाळविण्याची सौरयंत्रे आहेत. रद्दी व वाळका पाचोळा दाबून केलेल्या जळणाच्या वड्या आहेत. पवनचक्की व सौरपट्ट्या यांच्या जोडसंचातून गावातील वस्तीच्या रस्त्यावरचे दिवे लागतात आणि त्याचे देयक गावास येत नाही. होळीपूर्वी येथे पळसाच्या फुलांपासून रंग करावयास शिकवितात, तेही विनामूल्य.

नातीने छत्रीच्या चुलीच्या केंद्राजवळ काडी धरली. काडी पेटली. तिने दुसरी धरली, तिसरी धरली. मग मागे वळून विचारले, “आजोबा, यांना आपण काय द्यायचं?”

आम्ही म्हणालो, “अगं, येथे काही द्यायचे नसते.” उत्तर वस्तुस्थितीस धरून होते. तरीही ते खोटे असल्याची टोचणी परतीच्या वाटेवर लागली आणि अद्याप गेलेली नाही.

‘फुकट’ या एकाच शब्दाखाली आपण किती निरनिराळ्या गोष्टी कोंबतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. आमच्या घराण्यासारखी कित्येक घराणी ज्यांच्या आश्रयाने माळव्यात रुजली, त्या होळकरांच्या इतिहासात याचा एक उत्तम धडा आहे. अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे उभारली. वाटसरूस ते सारे फुकटच होते. परंतु तो खर्च दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, तर खासगीतून होत असे. राज्याचा पैसा रयतेचा, खासगीचा पैसा आपला, आणि पुण्य करावयाचे तर ते आपल्या पैशाने करावे, हा विवेक त्यामागे होता. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे झाली, तेव्हा भाषणे पुष्कळ झाली. खासगी आणि दौलत यांतील ही रेषा मात्र फारच थोड्यांच्या बोलण्यात आली.

शासनाचे फुकट निराळे असते. ते आपलेच असते, केवळ फिरून आलेले. आम्ही आयुष्यभर त्याच फुकटाचे वाटपकर्ते होतो, म्हणून ठामपणे सांगू शकतो. मध्य प्रदेशात दरमहा 150 युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घरास पहिली 100 युनिटे शंभर रुपयांत मिळतात. गरिबाच्या घरी दिवा लागावा, यात वाईट काही नाही. परंतु जळालेला कोळसा त्या सवलतीने परत खाणीत जात नाही. आपल्या देशात कोळशावरील एक युनिट विजेमागे ढोबळमानाने सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. देयक कोणी भरावे एवढेच सवलत ठरविते.

आणि तिसरे फुकट सूर्याचे. माथ्यावर आलेला निरभ्र सूर्य जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॉट ओततो, म्हणजे एक बेताची इस्त्री सतत चालेल इतके. त्याचे देयक कोणी पाठवीत नाही. ते झेलावयास जे पात्र लागते, त्याला मात्र पैसे पडतात, आणि पैशापेक्षाही त्याला वेळ व लक्ष लागते.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती इतकी वर्षे कोठेही दिलेली नाही.

1980 च्या दशकात पेटीच्या सौरचुली अनुदानावर वाटण्याची मोहीम देशभर चालली होती. आम्ही तेव्हा सेवेत नवीन होतो. निमाडाकडील एका तालुक्यात अशा चुली वाटल्या गेल्या आणि वाटपानंतरची पाहणी आमच्याकडे आली. चार-सहा गावे फिरलो. एका घरी चुलीच्या पेटीत बियाणे ठेवले होते. दुसऱ्या घरी झाकणाचा आरसा काढून दाढीसाठी भिंतीला टांगला होता. तिसऱ्या घरी ती जशी आली तशी, गवताच्या वेष्टनासह, कोनाड्यात उभी होती. एकाही घरी तिच्यावर स्वयंपाक होत नव्हता.

कारण विचारले तेव्हा एका वृद्ध बाईने जे सांगितले, ते कोणत्याही परिपत्रकात नव्हते. सुना पहाटे भाकरी करून मजुरीवर जातात आणि सूर्य मावळल्यावर परततात. ही चूल दुपारी चालते, दुपारी घरी असते कोण? डाळ-भातास दोन-तीन तास लागतात, मधून पेटी सूर्याकडे वळवावी लागते, आणि भाकरी तिच्यावर होत नाही. इतका साधा प्रश्न ती चूल पाठविण्यापूर्वी कोणीही विचारला नव्हता.

हे सर्व आम्ही टिपून घेतले. मार्च अखेर होती. वरिष्ठांनी उपयोगिता प्रमाणपत्राचा छापील नमुना पुढे केला. ‘साहित्याचा विहित प्रयोजनासाठी उपयोग झाला असल्याचे प्रमाणित करण्यात येते,’ अशा अर्थाचा मजकूर आणि त्याखाली स्वाक्षरीची रेघ. आम्ही स्वाक्षरी केली. नव्या नोकरीची भीती होती, हे खरे. पण नंतरच्या तीस वर्षांत ती भीती गेली, तेव्हाही आम्ही त्या कागदाकडे वळून पाहिले नाही, हेही खरे.

म्हणून सनावदियास त्या पेटीच्या चुलीसमोर उभे राहिलो तेव्हा आमच्या मनात कौतुक होते त्याहून अधिक खजिलपणा होता. तीच काळी पेटी, तोच आरसा, तीच दुहेरी काच. आणि आत भात शिजत होता.

फरक कशात आहे? जनकदीदी 1985 मध्ये इंदुरास आल्या आणि येथे ग्रामीण व आदिवासी मुलींसाठी ‘बरली’ ही संस्था उभी राहिली. झाबुआ-अलीराजपूरकडील घरात आढ्याचा भार पेलणारा मधला खांब म्हणजे बरली. मुलींनी तेथे महिनोन्महिने राहावे, शिकावे, स्वतः रांधावे. तेथील स्वयंपाकघरात वोल्फगांग शेफ्लर यांच्या रचनेचे मोठे परावर्तक बसविले गेले. त्यांची खुबी अशी की, तबकडी बाहेर उन्हात घड्याळाच्या यंत्रणेने सूर्यामागे फिरते, आणि तिने गोळा केलेला प्रकाश भिंतीतून आत, एकाच जागी, चुलीवर पडत राहतो. बाईने सावलीत उभे राहून पोळ्या कराव्या. आमच्या त्या निमाडातील वृद्धेच्या निम्म्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. उरलेल्या निम्म्याचे, म्हणजे दुपारी घरी कोण असते याचे उत्तर कोणत्याही आरशात नाही. माळव्यात श्रावण-भाद्रपदात ढग दाटले की तेथेही दुसरे जळण लागतेच. हे न सांगता सौरचुलीची केवळ आरती ओवाळणे म्हणजे पुन्हा उपयोगिता प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करणे होय.

तरीही तेथे चूल चालते, कारण जी व्यक्ती ती दाखविते ती तिच्यावरच जेवते. 2011 मध्ये रस्त्यावरील अपघातात पतींचा, जिमी मॅकगिलिगन यांचा, मृत्यू झाला. उत्तर आयर्लंडातून येऊन त्यांनी येथेच ही यंत्रे आपल्या हातांनी उभी केली होती. त्यानंतरही दीदींनी दार बंद केले नाही. तरुण वयात हृदयावरील शस्त्रक्रियेतून आपण वाचलो, म्हणून उरलेले आयुष्य हे देणे आहे, अशी त्यांची भूमिका त्यांनी अनेकदा मांडली आहे. थोडक्यात, जे आम्हांस फुकट दाखविले जाते ते त्यांच्या हिशेबी कर्जफेड आहे. अहिल्यादेवींची खासगी ती हीच.

मग प्रश्न उरतो तो घेणाऱ्याचा. ज्याला फुकट मिळाले त्याने काय करावे?

आपल्या परंपरेत ऋणाचा विचार पुष्कळ झालेला आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की, माणूस तीन ऋणे घेऊनच जन्मतो. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने, आणि पितरांचे प्रजेने. शतपथ ब्राह्मणाने यांत चौथे, मनुष्यांचे ऋण घातले. ते आतिथ्याने फेडावयाचे. लहानपणी मुंजीच्या वेळी हे ऐकले तेव्हा पितृऋणाची विचित्रता आमच्या ध्यानात आली नव्हती. बाकीची ऋणे ज्याची त्याला फेडावयाची. पितरांचे मात्र पितरांना परत करावयाचेच नाही. बापाचे घेतलेले मुलास द्यावयाचे. सावकार मागे आणि वसुली पुढे, असा हा जगावेगळा व्यवहार आहे.

हवामानाच्या प्रश्नाचे नैतिक स्वरूप याहून चांगल्या रीतीने मांडता येईल असे आम्हांस वाटत नाही. कोळसा कोट्यवधी वर्षांच्या सूर्यप्रकाशाची ठेव आहे. ती आम्हांस फुकट मिळाली. ती जाळून जो वायू हवेत गेला त्याचा मोठा भाग शतकानुशतके तेथेच राहणार, म्हणजे जाळणारा एक आणि उन्हाळा सोसणारा दुसरा. ज्याच्याकडून घेतले त्याला परत देणे अशक्य, आणि ज्याला द्यावयाचे तो अद्याप जन्मास यावयाचा. तो तक्रार अर्ज करू शकत नाही. आम्ही छत्तीस वर्षे अर्जांवर निर्णय दिले. अर्जदारच नसलेली ही पहिलीच नस्ती आमच्यापुढे आली आहे.

आमचे एक स्नेही, जे गणिताचे प्राध्यापक होते, ते हा विचार ऐकून हसले. म्हणाले, “अहो, खंडव्याकडे सिंगाजीचे औष्णिक केंद्र 2520 मेगावॅटचे आहे. तुमच्या गच्चीवरच्या तीन किलोवॅटने तिकडे एक फावडे कोळसा तरी वाचेल काय? हा सगळा तुमच्या मनाच्या समाधानाचा उद्योग.” या आक्षेपात तथ्य आहे. मोठ्यांचा दोष लहानांच्या डोक्यावर घालण्याची आजकाल टूम आहे, आणि ती आम्हांसही आवडत नाही. शासनाने रीव्यास 750 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला, त्याची वीज दिल्लीच्या मेट्रोसही जाते. अशा कामांनीच मोजण्यासारखा फरक पडेल, गच्च्यांनी नव्हे, हे मान्य.

परंतु प्राध्यापकसाहेबांना आम्ही आपल्याच नळाचा हिशेब मांडून दाखविला. तो येथेही देतो, कारण इंदूरकरास याहून जवळचे उदाहरण नाही. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर दूर येते आणि चढते. 1970 च्या नर्मदा आंदोलनाच्या वेळी आम्ही शाळकरी होतो. मोर्च्यातून परत आलेले वडील घसा बसलेल्या आवाजात बोलत, एवढे आठवते. 1978 मध्ये नर्मदा शहरात आली तेव्हा आजीने पहिल्या तांब्यास हळद-कुंकू वाहिले. नदी आणि शहर यांच्या पातळीत चारशे मीटरांचा फरक आहे. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर वर उचलावयाचे तर, पंपाचा व नळांचा काहीही ऱ्हास न धरता, सुमारे 1.1 युनिट वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून अधिकच. म्हणजे गच्चीवरील एक हजार लिटरची टाकी भरून वाहू लागते तेव्हा किलोभर कोळशाचे पाणी पन्हाळीतून जात असते. आजीने पूजिलेल्या तांब्यात तो कोळसा कोणास दिसला नव्हता.

प्राध्यापकांनी कागद उलटसुलट पाहिला आणि टाकीला गोळा-झडप बसवून घेतली. ते अद्यापही हसतात, पण त्यांची टाकी आता वाहत नाही.

याच पाण्यासाठी जलूद परिसरात 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारावा म्हणून इंदूर महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले. सामान्य गुंतवणूकदारांनीही ते घेतले, व्याज 8.25 टक्के. आम्हीही थोडे घेतले. यात पुण्य काही नाही, चोख व्यवहार आहे. आणि व्यवहार असल्याचे आम्हांस बरेच वाटले. सर्वच गोष्टी त्यागाने व्हाव्या असा आग्रह धरणारे लोक बहुधा स्वतः काही करीत नाहीत.

देवगुराडियाचा जैव-सीएनजी प्रकल्पही आम्ही ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटाबरोबर पाहिला. फेब्रुवारी 2022 मध्ये तो सुरू झाला. दिवसाला 550 टन ओला कचरा पचवून सुमारे 17,000 किलो वायू देण्याची त्याची क्षमता. एके काळी त्या बाजूस जाताना नाकास रुमाल लावावा लागे. तेथे आमच्या गटातील बहुतेकांनी छायाचित्रे काढली, चहा घेतला, आणि परतीच्या बसमध्ये गरम शेवेची रिकामी पाकिटे आसनाखाली सरकविली. बसचालकाने ती मुकाट्याने गोळा केली. आम्ही पाहिले आणि आम्हीही काही बोललो नाही. पाहणे आणि दर्शन घेणे यांत आपल्याकडे गल्लत झालेली आहे, असे त्या दिवशी वाटले. दर्शनाने पुण्य लागते अशी समजूत असल्यामुळे ज्ञानाच्या ठिकाणीही आपण दर्शनच घेऊन परततो. 2007 मध्ये विज्ञान एक्स्प्रेस नावाची गाडी देशात फिरू लागली आणि 2015 पासून दोन वर्षे तिच्या डब्यांत हवामानबदलाचेच प्रदर्शन होते. प्रवेश विनामूल्य. स्थानकांवर शाळकरी मुलांच्या रांगा लागत. त्या मुलांपैकी किती जणांनी घरी जाऊन एक दिवा विझविला, हे मोजण्याची सोय कोणत्याच डब्यात नव्हती.

खरगोन जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकविलेले चेतनसिंह सोळंकी 2020 मध्ये सौरऊर्जेवर चालणाऱ्या साधनांनी सजविलेल्या बसमधून देशयात्रेस निघाले, आणि 2030 पर्यंत घरी न राहण्याचा त्यांचा संकल्प आहे. त्यांचे सांगणे आम्हांस सर्वांत अडचणीचे वाटले. सौरपट्ट्या लावणे ही त्यांच्या क्रमात शेवटची पायरी. आधी टाळा, मग कमी करा, मग उरेल तेवढे निर्माण करा. ते कपड्यांना इस्त्रीही करीत नाहीत. आयुष्यभर परीटघडीच्या कपड्यांत कार्यालयात गेलेल्या माणसास हे पचविणे फार जड जाते. आमच्या सौ.ने एका सोमवारी आमचा सदरा बिनइस्त्रीचा समोर ठेवला, तेव्हा आम्ही तो घालून साहित्य सभेस येण्याऐवजी घरीच बसलो. सोळंकी दहा वर्षे घर सोडू शकतात आणि आम्हांस सदऱ्याची एक चुणी सोडवत नाही, ही तफावत नोंदवून ठेवतो.

आता नातीच्या प्रश्नाकडे. तिला पुन्हा उत्तर द्यावे, म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या.

पहिली सोपी होती. बाजारातून पेटीची सौरचूल आणली. वरणाची डाळ साडेदहाला ठेवली तर एकच्या सुमारास शिजते, आणि आम्हां दोघा सेवानिवृत्तांस दुपारी घरी असण्याखेरीज दुसरे काम नाही. निमाडातील त्या वृद्धेला जी सोय नव्हती ती आम्हांस आहे. चूल तिच्याकडे गेली आणि ती असावयास हवी होती आमच्याकडे, हे कळावयास चाळीस वर्षे लागली. डाळीची चव चांगली येते. सौ.च्या मते ती गॅसवरही चांगलीच येत होती.

दुसरी गोष्ट गच्चीची. 2024 च्या केंद्रीय योजनेत तीन किलोवॅटच्या संचास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. सुमारे तीनशे चौरस फूट जागा लागते, आणि दिवसाकाठी बारा युनिटे मिळावीत. पट्ट्या पंचवीस वर्षे टिकतात. आमचे वय सदुसष्ट. चिरंजीव पुण्यात, इंदुरास परतण्याची शक्यता नाही. वाडा चुलत बंधूंसह सामाईक, आणि आमच्या मागे तो विकला जाईल हे सर्व जाणतात, बोलत कोणी नाही. मग त्या पट्ट्या कोणासाठी? चुलत बंधू म्हणाले, “अण्णा, विकत घेणारा पहिल्या दिवशी त्या उतरवील.” कदाचित उतरवील. काशीच्या घाटावर आज कोण पाय धुतो हे अहिल्यादेवींना ठाऊक नव्हते, असे उत्तर आमच्या जिभेवर आले होते. ते दिले नाही. राणीचे उदाहरण देऊन भावाकडून सामाईक गच्ची मागणे बरे दिसत नाही.

त्याऐवजी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. वाडा विकला गेला तर पट्ट्यांची जी काही किंमत येईल ती त्यांची, आणि तोवर त्यांच्या बिऱ्हाडाचे देयकही त्याच संचातून वजा व्हावे, असे लिहून देण्यास आम्ही तयार आहोत, असे सांगितले. ते दोन दिवस विचार करतो म्हणाले. त्यास तीन आठवडे झाले. उपयोगिता प्रमाणपत्रावर जितक्या चटकन स्वाक्षरी झाली होती, तितक्या चटकन ही होणार नाही, आणि तसे होऊ नये हेच योग्य.

दरम्यान आम्ही रोज गच्चीवर जातो. नैर्ऋत्येस नवीन चार मजली इमारत झाली आहे. तिच्या पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात दुपारी अडीचनंतर आमच्या फरशीवर येते. खडूने तिची कड रोज आखतो आणि शेजारी तारीख लिहितो. नात दर रविवारी फोनवर विचारते, सावली कुठवर आली? परवा सांगितले, तुळशीच्या कुंडीपासून दोन फरश्या मागे सरली आहे.